गवीबेट्टावरचा केर

बोगादीतल्या आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून जी बाई राहते तिचं नाव वाणी. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला पुढचं दिसत होतं, असं मला रोज सकाळी वाटतं. ती फाटकाशी उभी राहून दूधवाल्याशी बोलायला लागली की आमच्या स्वयंपाकघरात उतू जायला आलेलं दूध घाबरून खाली बसतं. तिचा नवरा शरत कचेरीत नोकरीला आहे. त्याला बोलताना मी एकदा ऐकलंय असं मला वाटतं, पण शपथेवर सांगायची वेळ आली तर माघार घेईन.

वाणी लग्नाचे फोटो काढते. म्हैसुरातल्या निम्म्या नवरा-नवरींनी तिचा ओरडा खाल्लेला आहे. मुहूर्ताच्या क्षणी भटजींना "स्वल्प सरका" म्हणून बाजूला करणारी ती एकटीच. स्वल्प म्हणजे थोडं, पण वाणीनं म्हटलं की भटजी थेट खांबापर्यंत सरकतात. तिच्या फोटोंत कुणाचेच डोळे मिटलेले नसतात, कारण मिटायची हिंमत होत नाही. फोटो सुंदरच असतात. अल्बम मात्र वेळेवर मिळत नाही. बारशाचं आमंत्रण द्यायला गेलात तर लग्नाचा अल्बम मिळण्याची शक्यता असते, एवढंच आम्ही लोकांना सांगतो.

तिचं माहेरचं घराणं इंगळ्यांचं, म्हैसूरच्या जुन्या घोडदळातलं. घोडे गेले, तलवारी गेल्या, हुकूम सोडायची सवय तेवढी घरात राहिली आणि ती सगळीच्या सगळी वाणीच्या वाट्याला आली. तिच्याकडेच राहणाऱ्या वडलांच्या, म्हणजे मल्हाररावांच्या, वाट्याला आला तो मासा.

या माशाबद्दल सांगायलाच हवं. येलवालच्या पुढे, हुणसूरच्या रस्त्यापासून आत, गवीबेट्ट नावाचा डोंगर आहे. बेट्ट म्हणजे डोंगर आणि गवी म्हणजे गुहा. गुहेत मैलारदेव, म्हणजे आपला खंडोबा. वाटेवर कातळात खोदलेल्या पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला वीरगळ. हे सगळं कुणी आणि कधी केलं ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. मल्हाररावांचं लहानपण पायथ्याच्या गावात गेलं. त्यांचं म्हणणं असं की माथ्यावर एक जुनी केरे होती, चारी बाजूंनी बांधलेली, पायऱ्यापायऱ्यांची, आणि खालच्या भिंतीत दगडाचा मासा कोरलेला होता. उन्हाळ्यात पाणी उतरून मासा दिसायला लागला की गावानं पाणी जपून वापरायचं. मल्हारराव त्या केरेत पोहायला शिकले.

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मासा वीतभर होता. वाणीच्या लग्नापर्यंत तो हातभर झाला. मल्हाररावांनी सत्तरी ओलांडली तेव्हा दोन्ही हात पसरूनही मासा मावेना. मी त्यांना म्हटलं, मल्हारराव, आता जरा आवरा, नाहीतर त्याला केरे पुरायची नाही. ते म्हणाले, "तू वर जाऊन बघ, मग बोल." तिथंच तर सगळी अडचण होती. वर जाऊन काही दिसत नव्हतं.

इथं आमच्या भाषेबद्दल दोन शब्द सांगतो, पुढे लागतील. म्हैसूरच्या मराठी घरांतलं मराठी म्हणजे घरच्या हंड्यात पिढ्यानपिढ्या शिजलेली आमटी. तिच्यात कन्नड किती पडलंय ते खाणाऱ्याला कळत नाही, पाहुण्याला पहिल्या घासाला कळतं. 'तळं' हा शब्द आम्हाला पुस्तकात भेटतो. बोलताना आम्ही तळ्याला कन्नडातलंच 'केरे' म्हणतो. 'हो की नाही?' असं विचारायचं तर 'अल्वा?'. आणि घरातला कचरा म्हणजे 'कस'. कस झाडायचा, कस टाकायचा. हे इतकं अंगवळणी पडलंय की याहून वेगळं कुणी काही म्हणत असेल असं वाणीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर त्या केरेचं झालं असं. पायथ्याला नळ आले, वरचं पाणी आटलं, आणि जत्रेला येणाऱ्या लोकांना एक सोयीचा खड्डा सापडला. पत्रावळी तिथं, करवंट्या तिथं, बाटल्या तिथं, फाटक्या मांडवाचं कापड तिथं. वर गवत वाढलं. जत्रा समितीचे अध्यक्ष नरसिंहमूर्ती यांना तो खड्डा बुजवून गाड्या लावायला सपाट जागा करायची होती. माणूस वाईट नाही. मागच्या जत्रेत एक गाडी उतारावरून मागे घसरली होती, त्याची त्यांना खरीच धास्ती बसली होती. मल्हाररावांनी त्यांना खाली पायऱ्या आहेत म्हणून सांगितलं, तर ते नम्रपणे म्हणाले, रावसाहेब, तुमचा मासा मी ऐकलाय. म्हणजे मासा मल्हाररावांच्या आधीच तिथवर पोचला होता.

त्याच सुमाराला इथल्या एका कॉलेजच्या इतिहास विभागानं आसपासच्या डोंगरांवरच्या जुन्या जागा संगणकात उतरवून ठेवायचं काम काढलं. तिवईवर एक यंत्र ठेवतात. ते गोल फिरत प्रकाशाचा किरण सोडतं. किरण जिथं दगडाला लागतो तिथला एक ठिपका संगणकात उमटतो. असे कोट्यवधी ठिपके जमले की अख्खा डोंगर पडद्यावर उभा राहतो, भेगा आणि छिन्नीच्या खुणांसकट. मग फोटोंतून त्यात रंग भरायचे. उद्या दगड फुटला, कुणी त्यावर बदामात नाव कोरलं, तरी आजचा डोंगर जसाच्या तसा शिल्लक राहतो. गवीबेट्टाचे फोटो काढायचं काम वाणीकडे आलं. विभागप्रमुखांच्या मुलीचं लग्न तिनंच काढलं होतं. त्यांनाही अजून अल्बम मिळालेला नव्हता, तरी त्यांनी तिला बोलावलं, यावरून फोटोंची कल्पना यावी.

या कामात एक गोम होती. मॉडेल बघून सरकारी समिती कोणत्या जागा राखायच्या ते ठरवणार होती. मॉडेलमध्ये केरे दिसली तर तिला कुंपण पडेल. नाही दिसली तर जत्रेआधी मुरूम पडेल. वाणीनं हे आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा केरेच्या बाजूची झाली.

महिनाभर ती डोंगरावर होती. शरत तिवई वाहत होता. संध्याकाळी उन्हानं भाजून यायची आणि दगड किती गुणी असतात ते सांगायची. उभं राहा म्हटलं की उभे राहतात, अल्बम मागत नाहीत. फोटो झाले की ती ते केतकीकडे पाठवायची. केतकी नाशिकची. मॉडेल बनवणाऱ्या इथल्या एका छोट्या कंपनीत नुकतीच आली होती आणि म्हैसुरात कुणाशी मराठी बोलायला मिळेल याची तिनं आशा सोडली होती. वाणीला तर हर्षवायूच झाला. हातात आलेली आपली भाषा वापरली नाही तर वाया जाईल अशा घाईनं तिनं फोटोंच्या प्रत्येक गठ्ठ्याला मराठी नाव दिलं. पायऱ्या, वीरगळ, गवी, आणि अर्थातच केरे. केतकी बिचारी वाणीचं मराठी ओळखायला शिकत होती. वाणी बसला 'बसु' म्हणते आणि कारला 'कारु', हे तिच्या ध्यानात आलं होतं. शब्दाच्या मागची शेपटी कापली की मराठी उरतं, असा तिनं नियमच करून टाकला होता.

एक दिवस मी जास्वंदीला पाणी घालत होतो. माझी जास्वंद वाणीच्या खिडकीखाली आहे, हा योगायोग. वाणी फोनवर बोलत होती. मला अर्थातच तिचीच बाजू ऐकू आली.

"काढ की अगं, त्याच्यासाठीच तर एवढं सगळं केलं. हं. पूर्ण काढ. कोपरे पण सोडू नको. एक दगड पण नको सोडू."

मग ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "श्रीहरीअण्णा, पोरगी एवढी लायक आहे, स्वतः होऊन विचारते, माथ्यावरची केरे काढू का म्हणून. मी सांगितलं, आधी तेच काढ."

मीही म्हटलं, वा.

मॉडेल दाखवायचा दिवस आला. कॉलेजच्या दिवाणखान्याएवढ्या सभागृहात पुढे सरकारी समितीच्या अधिकारी बाई, बाजूला नरसिंहमूर्ती आणि त्यांची समिती, मागे आम्ही बोगादीकर. आम्हाला वाणीनं टाळ्यांसाठी आणलं होतं. मल्हारराव पहिल्या रांगेत, लग्नात घालतात तो बंद गळ्याचा कोट घालून. दिवे मंद झाले आणि पडद्यावर गवीबेट्ट उभा राहिला. खोटं कशाला सांगू, मी टाळी वाजवायचं विसरलो. पक्ष्यानं बघावा तसा डोंगर फिरत होता. आपण गुहेत शिरलो, मैलारदेवासमोर गेलो. वीरगळावरच्या घोड्याचा लगाम दिसत होता, जो प्रत्यक्षात दिव्याच्या काजळीनं दिसेनासा झालाय. वाणी शेजारी उभी राहून प्रत्येक दगडाची ओळख करून देत होती, जशी काही व्याह्यांची.

"आणि आता," ती म्हणाली, "आमची केरे."

आपण माथ्यावर आलो. माथा तव्यासारखा सपाट होता.

गवत नाही, खड्डा नाही, काही नाही. जणू कुणी तिथं हात फिरवून लिंपून घेतलं होतं. मल्हारराव खुर्चीत पुढे सरकले आणि तसेच राहिले. नरसिंहमूर्ती उठले. त्यांनी हात जोडून कॉलेजचे आभार मानले आणि कन्नडमध्ये शांतपणे म्हणाले की यंत्रालासुद्धा तिथं काही सापडलेलं नाही, माझं वेगळं काय म्हणणं होतं. अधिकारी बाईंनी पेन उचललं.

वाणी संगणकाशी बसलेल्या केतकीकडे वळली. "केतकी, केरे कुठं गेली?"

"काढला ना, ताई."

"काढली तर दिसत का नाही?"

केतकी गोंधळली. "काढल्यावर कसा दिसेल? तुम्हीच म्हणालात, कोपरेसुद्धा सोडू नको. मी सगळा काढला आणि जागा भरून सपाट केली."

"अय्यो, भरून?"

"मग काय, भोक ठेवायचं?"

आणि मी हसलो. ते हसू सभेला शोभणारं नव्हतं, पण माझा नाइलाज होता. माझी बायको सोलापूरची. लग्नानंतर पहिल्या सकाळी ती माझ्या आईला म्हणाली होती, "आई, मी केर काढते." माझी आई पदर सावरून परसात बघत राहिली, की ही पोरगी एवढ्याशा जागेत तळं काढणार तरी कुठं. हे मी उठून सगळ्यांना सांगितलं, आधी मराठीत आणि मग अधिकारी बाईंसाठी कन्नडमध्ये. वाणीच्या गठ्ठ्यावर लिहिलेलं 'केरे' म्हणजे तळं. केतकीनं शेपटी कापली आणि वाचलं 'केर'. फोटो उघडले तर आत खरोखरच पत्रावळी आणि करवंट्या. विचारलं, ताई, केर काढू? आणि ताईंनी ऐकलं, केरे काढू, म्हणजे चितारू, उभी करू? दोघींनी एकमेकींचं मन लावून ऐकलं आणि दोघींनी मिळून डोंगरावरचं तळं झाडून टाकलं.

सभेत हशा पिकला. एकटे मल्हारराव हसले नाहीत.

केतकीचा चेहरा लाल झाला होता, पण पोरगी शहाणी. तिनं मूळ ठिपके जपून ठेवले होते. आमचं हसू ओसरेपर्यंत तिनं ते परत जागेवर आणून ठेवलेसुद्धा. पडद्यावर खड्डा आला. आणि खड्ड्यात काठोकाठ कचरा, इतका स्पष्ट की एका बाटलीवरचं चित्र ओळखता येत होतं. नरसिंहमूर्ती पुन्हा उठले. "कस," ते म्हणाले, आणि बसले.

एका शब्दाचं भाषण, पण बिनतोड. यंत्राला कचऱ्याखालचं दिसत नाही. पडद्यावर पायरी नव्हती, मासा तर नव्हताच. अधिकारी बाई न्यायी होत्या. त्या म्हणाल्या, मी गोष्टींवर शिफारस करू शकत नाही. पुढच्या सोमवारी स्वतः वर येईन, जे डोळ्यांना दिसेल ते लिहीन.

वाणी तिथं जी काही क्षण गप्प उभी राहिली ती आमच्या गल्लीच्या इतिहासात नोंद करण्यासारखी घटना आहे. मग तिनं बापाकडे बघितलं, आणि अधिकारी बाईंना, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, ठणठणीत मराठीत सांगितलं, "मॅडम, या तुम्ही. आम्ही केर काढून ठेवतो."

त्या संध्याकाळी तिनं फोन लावायला घेतले. माझी जास्वंद अजून तिथंच असल्यामुळे मला ऐकू आलं. तिनं मोहीम, वारसा, संस्कृती यांतलं काहीही कुणाला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणत होती, "तुमचा अल्बम तयार आहे. रविवारी सकाळी देते. गवीबेट्टाच्या माथ्यावर. फावडं असेल तर आणा."

रविवारी डोंगराला जत्रा लागली. नवी जोडपी आली, जुनी झालेली जोडपी आली, कडेवर पोरं घेऊन आली. सासवा आल्या, ज्यांना आपण फोटोत आहोत की नाही याची काळजी होती. विभागप्रमुख जावयाला घेऊन आले. आमच्या सोलापूरकरीणबाईंनी पुळियोगऱ्याचं, म्हणजे चिंचभाताचं, पातेलं आणलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, धोतर वर खोचून, नरसिंहमूर्ती आले. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा अल्बमही वाणीकडेच होता. सूनबाई रोज विचारत होत्या म्हणे.

वाणी काठावर उभी राहिली, आणि मला पहिल्यांदा पटलं की त्या घराण्यानं कधीतरी खरंच घोडदळ चालवलं असणार. नवऱ्याकडचे डाव्या बाजूला, नवरीकडचे उजव्या बाजूला. टोपल्या हातोहात वर. शरतला तिनं खाली उतरवलं. पत्रावळींचे थरच्या थर निघाले. मांडवाचं कापड ओढताना दोन्ही पक्षांत रस्सीखेच झाली आणि नवरीकडचे जिंकले. ऊन चढलं, पुळियोगरे संपलं, कुणी घरी जाईना. आता प्रत्येकाला दुसऱ्या पक्षापेक्षा जास्त टोपल्या काढायच्या होत्या.

दुपारच्या आत नरसिंहमूर्तींचं फावडं खणकन वाजलं. त्यांनी माती बाजूला केली. खाली घडीव दगडाची सरळ कड होती. त्यांनी आणखी उकरलं. कडेखाली दुसरी कड आणि तिच्याखाली तिसरी, जिन्यासारखी उतरत गेलेली. मग फावडं बाजूला ठेवलं, चपला काढल्या, त्या काठावर नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी परत खाली उतरले. ते बघून सगळ्यांनी चपला काढल्या.

उन्हं उतरेपर्यंत चारी बाजूंच्या पायऱ्या उघड्या झाल्या. तळाशी ओल होती. लोक काठावर बसून बघत होते आणि हळूहळू सगळ्यांची नजर मल्हाररावांकडे वळायला लागली. ते काठी टेकत स्वतःच्या पायांनी वर आले होते आणि सकाळपासून दगडावर बसून होते. मासा दिसत नव्हता. ते म्हणाले, त्या भिंतीत बघा. तिथं नव्हता. मग म्हणाले, समोरच्या. तिथंही नव्हता. माझ्या जिभेवर एक चांगला विनोद आला होता, तो मी गिळला. वाणी खाली उतरून भिंतीवरून हात फिरवत होती आणि वर, बापाकडे बघायचं टाळत होती.

केतकी एका कोपऱ्यात खाली बसून केरसुणीनं चिखल झाडत होती. तिनं दिवसभर हातातली केरसुणी सोडली नव्हती. वाळलेल्या चिखलाचं एक ढेकूळ निसटून पडलं. तिनं आणखी झाडलं, मग बोटांनी पुसलं, आणि उठून उभी राहिली.

"वाणीताई," ती म्हणाली, "केर काढला."

दगडात खवले होते. एक गोल डोळा होता. शेपटी जराशी वळलेली, जसा काही आत्ताच पाण्यात निसटणार.

काठावर जो गलका झाला तो पायथ्याच्या गावात ऐकू गेला असणार. वाणी मात्र भिंतीला टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती, आणि शरत सासऱ्यांकडे बघत मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "आप्पा, सापडला." म्हणजे आता मी शपथेवर सांगू शकतो.

मल्हारराव उतरले. गर्दीतले कुणाचे तरी दोन जावई धरायला धावले, त्यांनी हात झटकला. माशासमोर जाऊन त्यांनी त्याच्या डोळ्यावर बोट ठेवलं. मासा बरोबर वीतभर होता.

मी म्हटलं, "मल्हारराव, मासा लहान झाला."

ते मागे न बघता म्हणाले, "एवढी वर्षं पाण्याशिवाय राहून बघ तू, वाळशील."

सोमवारी अधिकारी बाई आल्या. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी लिहायचं ते लिहिलं. यंत्र पुन्हा तिवईवर फिरलं, आणि या वेळी वाणीनं गठ्ठ्यावर नाव घातलं 'तळं'. केतकीनं ते खोडून 'केरे' केलं. पुढच्या सभेत पडद्यावर आपण चारी बाजूंच्या पायऱ्या उतरून माशापर्यंत गेलो, आणि मी टाळी वाजवायला विसरलो नाही. केरेला आता कुंपण आहे. गाड्या पायथ्याशी लावायच्या, ही कल्पना आपली आहे असं नरसिंहमूर्ती भाषणात सांगतात. सांगू देत. त्यांच्या सूनबाईंना अल्बम मिळालाय.

परवा संध्याकाळी भिंतीपलीकडून मला हाक आली. मल्हारराव व्हरांड्यात वाणीचा टॅब मांडीवर घेऊन बसले होते. गवीबेट्टाचं मॉडेल आता कुणालाही घरबसल्या बघता येतं, फिरवता येतं, आणि दोन बोटं ताणली की मोठं करता येतं. हे दोन बोटांचं तेवढं केतकीनं त्यांना शिकवून ठेवलंय. त्यांनी माथ्यावर नेलं, पायऱ्या उतरवल्या, माशापाशी आणलं. मग बोटं टेकवून ताणली. पुन्हा ताणली. डोळा मोठा झाला, खवले मोठे झाले, डोकं एका कडेला आणि शेपटी दुसऱ्या कडेला लागली, आणि पडद्यावर माशाशिवाय काहीही उरलं नाही.

त्यांनी टॅब माझ्या नाकासमोर धरला.

"बघ श्रीहरी," ते म्हणाले, "मी एवढाच सांगत होतो, अल्वा?"